आईचा फर्ज आणि इतरांचा

नोकरी किंवा मजुरी करणाऱ्या आईला आपल्या समाजात दोन तऱ्हेची माणसे भेटतात. काही तिची कीव करतात, काही तिची तारीफ करतात. कीव करणारी म्हणतात, बिचारीला एवढंसं लेकरू टाकून जावं लागतं. तारीफ करणारी म्हणतात, शाबास आहे तिची, घरही सांभाळते आणि नोकरीही. ऐकायला या दोन गोष्टी उलट वाटतात, पण त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. लेकरू आईचे आहे, त्याला सांभाळण्याचा फर्ज तिचा एकटीचा आहे, आणि ती बाहेर पडली तर त्या फर्जाची व्यवस्था तिनेच लावून जायची आहे. व्यवस्था लागली नाही तर ती बिचारी, लागली तर शाबास. बाप कामावर निघाला की "लेकराला कोणाकडे ठेवलंत?" असे त्याला कोणी विचारत नाही. आम्हाला मात्र हा प्रश्न लोकलच्या डब्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या दावतीत आणि मयतीच्या घरीसुद्धा विचारला जातो.

आईने कमवावे की नाही, हा वाद आम्हाला इथे घालायचा नाही. तो वाद करायला फुरसत असणारे लोक वेगळे आहेत. आमच्यातल्या बहुतेकींच्या घरात तो प्रश्न भाड्याने, फीने आणि किराण्याच्या उधारीने केव्हाच सोडवून टाकला आहे. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आई कमावते तेव्हा लेकराचे जे देणे आहे ते कोणाच्या खात्यावर पडते? नैतिकदृष्ट्या ते कोणाच्या खात्यावर पडायला हवे?

आम्ही म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवे. नोकरी करणारी आई म्हटले की पर्स लटकवून ऑफिसला जाणारी बाई डोळ्यांपुढे येते. तीही आमच्यात आहे. मुंब्र्याहून सकाळची लोकल पकडून मुंबईला जाणारी, उर्दू शाळेत शिकवणारी, दवाखान्यात रात्रपाळी करणारी आमच्यात आहे. पण मालेगावात घरी बसून कांड्या भरणारी, सोलापुरात मांडीवर सूप घेऊन विडी वळणारी, गल्लीतल्या साड्यांना फॉल-पिको करून देणारी हीदेखील नोकरी करणारी आईच आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंद आहे की कमावणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया स्वतःच्या घरात बसून काम करतात. एकूण कमावत्या स्त्रियांत हे प्रमाण ५१ टक्के होते. म्हणजे आमच्यापैकी बहुतेकींनी लेकराला टाकून जाण्याचा सवालच नाही. लेकरू तिथेच, शेजारी आहे. तंबाखूच्या वासात आहे, सुई-कात्रीच्या जवळ आहे. एका हाताने त्याला थोपटायचे आणि दुसऱ्या हाताने पान कापायचे. हजार विड्यांवर मजुरी मिळते. लेकराने एक तास रडून घेतला तर तो तास मजुरीतून जातो. घरात असल्यामुळे ती "काही करत नाही, घरीच असते" असे मानले जाते. काम करणारी म्हणून तिला मान नाही, आणि आई म्हणून उसंत नाही.

२०१९ साली सरकारने देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे दिसले. पुरुषांपैकी चौघांत जेमतेम एक जण घरकामाला हात लावतो, आणि जो लावतो त्याची सरासरी ९७ मिनिटे. या पाहणीची आम्हाला गरज नव्हती. रमजानमध्ये सगळ्यांच्या आधी उठून सहेरीचा चुला पेटवणारी आणि सगळ्यांनंतर इफ्तारची भांडी घासणारी कोण असते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, हे कोणीही आलिम सांगेल. अल्लाहने तिला सवलत दिली. पण रोजा न धरणाऱ्या त्या आईला भज्यांची कढई कोणी माफ केल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

आता कोणी म्हणेल, हा दीनचा प्रश्न नाही, रिवाजाचा आहे. आम्हालाही तसेच वाटते, आणि म्हणूनच दीनमध्ये काय आहे ते नीट पाहायला हवे. कारण आमच्या तोंडावर जी वाक्ये फेकली जातात ती दीनच्या नावाने फेकली जातात.

सर्वांत जास्त ऐकवली जाणारी गोष्ट म्हणजे आईच्या पायांखाली जन्नत असल्याची. प्रत्येक जलशात, प्रत्येक बयानात ती येते, आणि तिच्यातून अर्थ काढला जातो तो असा की, बायांनो, तुमचा दर्जा एवढा मोठा आहे, तेव्हा त्याग करा, सबुरी ठेवा. पण ही हदीस कोणाला उद्देशून आहे? नसाई यांच्या संग्रहात तिचा प्रसंग दिला आहे. जाहिमा नावाचे एक सहाबी लढाईवर जाण्याचा मशवरा घ्यायला पैगंबरांकडे (स.) आले. पैगंबरांनी (स.) त्यांना विचारले, तुझी आई आहे का? आहे म्हटल्यावर त्यांना आईजवळच राहायला सांगितले, कारण जन्नत तिच्या पायांशी आहे. म्हणजे हुकूम आईला नाही, मुलाला आहे. बाहेर मोठे नाव कमवायला निघालेल्या पुरुषाला घरात थांबून खिदमत करायला सांगितले आहे. त्या गोष्टीतला फर्ज आम्ही पुरुषाच्या खांद्यावरून उचलून आईच्या डोक्यावर ठेवला, आणि वर तिला सांगितले की हा तुझा सन्मान आहे.

असे एकाच ठिकाणी झाले असते तर आम्ही इतके बोललो नसतो. सूरह बकरामध्ये दूध पाजण्याविषयीची जी आयत आहे, तिच्यातून आम्हाला फक्त "दोन वर्षे" एवढेच पाठ करून दिले जाते. त्याच आयतीत पुढे बापावर त्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी टाकलेली आहे. लेकरामुळे आईला त्रास होता कामा नये असे बजावले आहे. बापालाही लेकरामुळे त्रास नको, असेही म्हटले आहे, ही त्या आयतीची इन्साफपसंदी. दूध तोडायचे तर दोघांनी मशवरा करून, राजीखुशीने तोडावे, असे सांगितले आहे. लेकरू आणि आई यांच्याबद्दलच्या त्या बोलण्यात बाप पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर आहे. आपल्या घरांत मात्र मशवरा कोणत्या शाळेत घालायचे यावर होतो. रात्री कोणी उठायचे यावर होत नाही.

फकीहांनीही आमच्या आजच्या शौहरांपेक्षा जास्त विचार केला होता. आईवर दूध पाजण्याची अदालतीकडून सक्ती करता येईल का, घरकाम हा बायकोचा कायदेशीर फर्ज आहे का, यावर त्यांनी बारकाईने लिहिले आहे. कोकणातले आपले लोक बहुतेक शाफई. त्या मजहबात स्वयंपाक, धुणीभांडी हा बायकोवर लादता येणारा कायदेशीर फर्ज मानलेला नाही. देशावरचे आपण बहुतेक हनफी. तिथे साधारणपणे तो नैतिक कर्तव्य म्हणून सांगितला जातो, काजीने सक्तीने करून घ्यायचा विषय म्हणून नाही. बायकोच्या नफक्याची जबाबदारी तर सर्वच मजहबांत शौहरावर आहे, आणि तिची कमाई तिची स्वतःची. आज होते असे की तिच्या कमाईने घर चालते तेव्हा काळ बदलल्याचे सांगितले जाते, आणि चुलीची वेळ आली की परंपरा आठवते. नवे तेवढे तिने घ्यायचे, जुनेही तिनेच सांभाळायचे. बदललेल्या काळाचा आणि जपलेल्या परंपरेचा दोन्हीकडचा फायदा एकाच बाजूला जात असेल, तर तिथे इन्साफ झालेला नाही एवढे तरी मान्य करायला हवे.

आमचे काही भाऊ या ठिकाणी हजरत खदीजांचे (रजि.) नाव घेतात. त्या व्यापार करत, मग इस्लामने स्त्रीला कमवायला कुठे बंदी केली, असे अभिमानाने सांगतात. ते बरोबरच आहे. पण आम्हाला आणखी एक नाव घ्यावेसे वाटते, ते या चर्चेत कधी येत नाही. दाई हलीमा. सीरतच्या ग्रंथांत येते की दुष्काळाच्या साली बनू सअद कबिल्याच्या स्त्रिया दूध पाजायला लेकरे मिळवण्यासाठी मक्केला आल्या, त्यांत हलीमा होत्या. त्यांच्या अंगावर स्वतःचे तान्हे मूल होते, सोबत शौहर होते. त्या मोबदल्याच्या आशेनेच आल्या होत्या, घरची गरज होती म्हणून. आजच्या भाषेत सांगायचे तर हलीमा या तान्ह्या लेकराची आई असलेल्या कामकरी स्त्री होत्या, आणि आपल्या पैगंबरांचे (स.) बालपण अशा एका स्त्रीच्या कुशीत गेले. त्यांनी मोबदल्यासाठी काम केले म्हणून त्यांची माया कमी ठरली नाही. पुढे त्यांची मुलगी शैमा, म्हणजे पैगंबरांची (स.) दूधबहीण, समोर आली तेव्हा त्यांनी तिला बसायला आपली चादर अंथरली, असे सीरतकार सांगतात. तलाक झालेल्या आईने लेकराला पाजले तर तिला त्याची मजुरी द्या, असे खुद्द कुरआनात, सूरह तलाकमध्ये आहे. आईच्या कष्टाचा हिशोब मांडला तर मायेचा बाजार होतो, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. कष्टाचा हिशोब केल्याने माया उणावत नाही. हिशोब न केल्याने मात्र कष्ट दिसेनासे होतात.

आपल्या देशाच्या न्यायालयांनाही हा हिशोब करावा लागला आहे, पण केव्हा, तर बाई गेल्यावर. जमशेदपूरला १९८९ साली झालेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये निकाल देताना, मेलेल्या गृहिणींच्या घरातल्या सेवेचे मोल महिन्याला तीन हजार रुपये धरले होते. जिवंतपणी जे काम "काहीच करत नाही" या सदरात जाते, त्याची किंमत मयतीनंतर लागते.

इथपर्यंत आम्ही बापाविषयी आणि शौहराविषयी बोललो. पण एवढ्यावर थांबलो तर आमचेही बोलणे अर्धवट राहील. कारण बाप बाजूला राहिला तर लेकराचा भार हवेत राहत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी कडेवर जातो, आणि ती दुसरी बहुतेक वेळा बाईच असते. नानी किंवा दादी, जिच्या गुडघ्यांनी केव्हाच जवाब दिला आहे. शेजारची खाला, जिला ईदला एक साडी दिली की आपण फिटलो असे समजतो. पैसे देऊन ठेवलेली बाई, जी आपले लेकरू आणखी कोणाकडे तरी सोडून आमचे सांभाळायला येते. आणि या साखळीच्या शेवटच्या टोकाला उभी असते घरातली मोठी मुलगी. दहा-बारा वर्षांची. आई कामावर गेली की तिच्या कडेवर धाकटा भाऊ. आधी ती आठवड्यातून एक दिवस शाळा बुडवते, मग दोन दिवस, मग तिचे नावच पटावरून जाते. यंत्रमागाच्या आणि विडीच्या गावांतल्या कोणत्याही मास्तरीणबाईला विचारा, ही मुलगी तिने पाहिलेली असते.

या मुलीचा विचार केला की आमच्या प्रश्नाचे गांभीर्य कळते. आई कमावते ती लेकरांच्या शिक्षणासाठी. आणि तिच्या कमावण्याची किंमत तिच्याच एका लेकीच्या शिक्षणातून वसूल होते. यात आई जालीम नाही. तिच्यापुढे दोनच रस्ते ठेवले गेले, आणि दोन्हींवर कोणाचे तरी नुकसान लिहिलेले होते. ज्यांनी तिसरा रस्ता बांधायचा होता ते तिची तारीफ करण्यात गुंतले होते.

तिसरा रस्ता बांधण्याची जबाबदारी काही अंशी सरकारची आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त माणसे काम करतात तिथे पाळणाघर असावे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावे, असे ठरले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या. चांगली गोष्ट आहे. पण हा कायदा कामाची जागा आणि मालक शोधतो. कांड्या भरणारीची कामाची जागा म्हणजे तिची खोली, आणि मालक म्हणजे कांड्या घेऊन जाणारा पोऱ्या. विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यातही पाळणाघराची तरतूद होती, ती कारखान्याच्या आवारासाठी. विडी वळली जाते ती घराघरांत. १९७५ साली सुरू झालेल्या योजनेतून आलेली अंगणवाडी आमच्या गल्लीत आहे, पण तिचा वर्ग तीन वर्षांवरच्या लेकरांसाठी आणि थोड्या तासांपुरता. तान्ह्याला घरी न्यायचा पोषण आहार मिळतो, त्याला दिवसभर सांभाळणारे हात मिळत नाहीत. बापाच्या रजेचे म्हणाल तर केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस आहेत. खाजगीत काम करणाऱ्या आमच्या बहुतेक शौहरांना अकीक्याच्या दिवशीही सुट्टी मागून घ्यावी लागते.

हेही कबूल केले पाहिजे की गरीब बापाचा दिवससुद्धा त्याच्या हातात नसतो. बारा तास माग चालवून किंवा रिक्षा हाकून आलेल्या माणसाला आम्ही आळशी म्हणत नाही. पण थकवा दोघांनाही येतो. थकून आल्यावर एकाला पाण्याचा ग्लास मिळतो आणि दुसरीला कणकेची परात. हा फरक थकव्याने ठरवलेला नाही. हजरत आयशांना (रजि.) विचारले गेले की पैगंबर (स.) घरात काय करत, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. त्यांच्यापेक्षा जास्त कामाचा माणूस आमच्या मोहल्ल्यात तरी कोणी नाही.

बेगम रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली एका कथेत असा मुलूख रंगवला होता की तिथे पुरुष मर्दान्यात राहून लेकरे सांभाळतात, स्वयंपाक करतात, आणि स्त्रिया राज्य चालवतात. "सुलतानाचे स्वप्न" या नावाने ती ओळखली जाते. ती वाचून आम्ही हसतो. पण आम्हाला ते उलटे जग नको आहे. एकाचा भार उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला तर तो भारच राहतो. आम्हाला तो वाटून घेतलेला हवा आहे, घरात आणि घराबाहेरही.

घराबाहेर म्हणजे जमातीतही. पैगंबर (स.) नमाज लांब करण्याच्या इराद्याने उभे राहत, आणि मागून एखाद्या लेकराचे रडणे कानावर आले की नमाज आटोपती घेत, कारण त्या आईच्या जिवाची घालमेल त्यांना कळत असे. बुखारी आणि मुस्लिम दोघांच्याही संग्रहात हे आले आहे. या छोट्या प्रसंगात खूप काही आहे. आई जमातीत होती, लेकरू तिच्यासोबत होते, आणि लेकरू रडले म्हणून तिला बाहेर जायला सांगितले गेले नाही. पुढे उभ्या असलेल्या इमामाने आपला वेग तिच्या सोयीने बदलला, आणि सारी जमात त्याच्यामागे बदलली. आईने जगाच्या वेळापत्रकात स्वतःला बसवायचे की जगाने तिच्यासाठी थोडे आटोपते घ्यायचे, याचे उत्तर याहून साफ कोणते असू शकेल?

मग आपल्या जमातींनी काय आटोपते घेतले? मोहल्ल्यात मशिदीचा मिनार उंच करायला चंदा जमतो. मकतबच्या खोल्या सकाळी आणि संध्याकाळी भरतात, दुपारभर बंद असतात. वक्फच्या जागा वर्षानुवर्षे कुलुपात असतात. शादीखाने बांधले जातात, ते फक्त सीझनमध्ये उघडतात. त्या खोल्यांतली एक खोली, दोन समजूतदार बाया, त्यांना वेळेवर योग्य पगार, चटई, झोळी, दूध आणि स्वच्छ पाणी, एवढ्यात एक पाळणाघर उभे राहते. त्यातून दहा आया निश्चिंत कामाला लागतात, आणि दहा मोठ्या मुली शाळेत परत जातात. याला सदका म्हणायचे की मोहल्ल्याचे देणे म्हणायचे, ते ज्याने त्याने ठरवावे. आम्ही देणे म्हणू. बाळंतिणीला चाळीस दिवस जपण्याची रीत आपल्याकडे आहे. त्या दिवसांत तिचे लेकरू साऱ्या घराचे असते. एकेचाळिसाव्या दिवशी ते अचानक तिच्या एकटीचे का होते?

आणि घराबाबत एक सुचवणे आहे. निकाह ठरवताना मेहरच्या रकमेवर दोन्ही घरचे बुजुर्ग तासन्‌तास बसतात. मुलगी नोकरी करणार का, पगार घरात देणार का, हेही हल्ली आडून विचारले जाते. त्याच बैठकीत मुलाला एक गोष्ट उघड विचारावी. अल्लाहने औलाद दिली आणि ही कामावर जात असली, तर तुझ्या हिश्शाचे तास कोणते? पहिल्यांदा विचारले की बैठकीत हसू होईल, कदाचित एखादे स्थळ मोडेलही. तरीही ज्यांच्या घरात आज लग्नाची मुलगी आहे, त्यांनी विचारून पाहावे. मुलगा काय उत्तर देतो ते ऐकावे, आणि मग मेहरकडे वळावे.